दुसऱ्या गोलकीपरची निवड

गोलकीपर ओळखायला मला त्याचा चेहरा लागत नाही! हे वाक्य मी एल्क क्रीकच्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये, कॅन्टीनसमोर उभा राहून, ऐकणारा असो वा नसो, वर्षानुवर्षं सांगत आलोय. चेहरा तसाही मुखवट्याआड असतो. पोरगा गाडीतून उतरून रिंकच्या दारापर्यंत चालत आला की मला पुरे. उजवा खांदा पडतो का, डाव्या गुडघ्यावर त्याचा स्वतःचा तरी भरवसा आहे का, बॅग उचलतो की ओढतो, एवढं बघायचं. पुढचं सगळं मी सांगतो. गोल खाल्ल्यावर हा छताकडे बघणार की साथीदारांकडे डोळे वटारणार, इथपासून ते हा आईला घाबरतो की बापाला, इथपर्यंत!

“आणि चुकलास तर?” वॉल्टने एकदा विचारलं. वॉल्ट म्हणजे आमच्या रिंकमधला बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवणारा माणूस. त्याला दिवसभर गोल गोल फिरायचं असतं, त्यामुळे त्याला असले प्रश्न पडतात.

“चुकेन तेव्हा बघू,” मी म्हणालो.

तर ते ‘तेव्हा’ या ऑगस्टमध्ये आलं.

आधी माझी ओळख करून देतो. मी ओरेस्ट बाबियाक. वय एकसष्ट. गुडघे दोन, दोन्ही माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. एल्क क्रीक हार्वेस्टर्स हा आमच्या गावचा आइस हॉकीचा ज्युनियर संघ आणि मी त्यांचा गोलकीपर-पारखी. कुठला पोरगा गोलमध्ये उभा करायचा, ते मी सांगायचं. बाकी कुठे मला कुणी काही विचारत नाही. हे काम गेलं तर माझ्या नशिबी काय होतं? घरी बसून बायकोबरोबर चित्रांची कोडी जुळवणं. डोरीनला समुद्राचीच कोडी लागतात. अर्धे तुकडे निळे, आणि उरलेले अर्धे त्याहून निळे!

म्हणून संघाचा मॅनेजर गार्थ रेमपेल निवड शिबिराच्या पहिल्याच दिवशी एका मुलीला घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा मी सावध झालो.

“ओरेस्ट, ही ब्रिन. सॅस्काटून शहरातली. विद्यापीठात शरीराच्या हालचालींचा अभ्यास केलाय तिने. कॅमेरा लावून गोलकीपर बघते.”

“वा!” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“पहिला गोलकीपर आपला ठरलेला आहे. दुसऱ्याची जागा रिकामी आहे आणि पोरं दोन आहेत. लाशान्स आणि नॉयडॉर्फ. तुम्ही दोघांनी आपापलं बघा. रविवारी शिबिरातल्या पोरांचाच सामना आहे, दोघं समोरासमोरच्या गोलमध्ये. त्यानंतर माझ्या खोलीत येऊन सांगा. ज्याचं मला पटेल, तो पारखी म्हणून राहील. दोन दोन पारख्यांचं ऐकत बसायला मला वेळ नाही!”

गार्थ हे असं बोलतो. गुरांच्या लिलावात वाढलेला माणूस, लांबण त्याला सोसत नाही.

ब्रिनचं सगळ्यात वाईट काय होतं सांगू? ती चांगली होती! मला ‘अहो ओरेस्ट’ म्हणायची. पहिल्याच दिवशी न विचारता माझ्यासाठी कॉफी घेऊन आली. अशा माणसाचा राग करायचा तरी कसा? मी दमून गेलो राग करायचा प्रयत्न करून.

शनिवारी दोन्ही पोरं खेळताना बघितली. एमेट लाशान्स बुटका, चपळ, आणि फटका यायच्या आधीच दोन्ही गुडघ्यांवर! आता हल्लीचे सगळेच गोलकीपर गुडघ्यांवर पडतात, पाय दोन्हीकडे फाकवून खालची जागा बंद करतात. तसंच शिकवतात त्यांना. पण लाशान्स तर जेवायच्या आधीही गुडघ्यांवर जात असेल असं मला वाटलं. आमच्या वेळी गोलकीपर उभा असायचा हो, उभा! पडणं म्हणजे नामुष्की.

आणि कोल्बी नॉयडॉर्फ? मसूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, ताडमाड उंच, शांत. पडायचा तोही, पण इतरांपेक्षा क्षणभर उशिरा. फटका मारणारा वाकला, पक, म्हणजे ती रबराची चकती, सुटला, तरी हा उभाच. त्या एका क्षणात मला माझी जवानी दिसली! डोळे भरून आले माझे.

“नॉयडॉर्फ!” मी कॅन्टीनसमोर जाहीर करून टाकलं. “त्याच्यावर मी माझं नाव पणाला लावतो. हा पोरगा गोलसाठीच जन्माला आलाय!”

“रविवारी सांगायचंय,” गार्थ म्हणाला.

“रविवारीही हेच सांगणार!”

ब्रिन तेव्हा कुठे होती? तर दोन्ही गोलकीपरांच्या मधे बसून ग्रेव्ही घातलेले तळलेले बटाटे खात होती. गप्पा मारत! परीक्षकाने परीक्षा देणाऱ्यांच्या ताटात जेवायचं? मी वॉल्टकडे बघून मान हलवली. ही पोरगी काही टिकत नाही, असा त्याचा अर्थ होता.

आता इथे हवामानाचं सांगायला हवं. त्या आठवड्यात पाऊस लागून राहिला होता आणि म्हणूनच शिबिराला सगळी पोरं हजर होती. आमच्याकडे ऑगस्टात ऊन पडलं की माणसं खूश होत नाहीत, पळत सुटतात. कापणीला! आदल्या वर्षी शिबिराच्या मधेच ऊन पडलं होतं आणि दुपारपर्यंत अर्धा संघ शेतात. तेव्हापासून गार्थचा नियम होता, शिबिर सोडून जो शेतावर गेला तो संघातून गेला.

रविवारी सकाळी लख्ख ऊन!

मी रिंकवर पोचलो तर मागच्या दाराशी कोल्बी बापाची गाडी चालू ठेवून उभा.

“मिस्टर बाबियाक, मला जावं लागतंय. बाबांची पाठ धरलीय. मसूर तयार आहे आणि संध्याकाळी परत पाऊस सांगितलाय.”

“अरे पण सामना! गार्थला कळलं तर?”

“कळू दे. खरं म्हणजे मला तुम्हाला सांगायचंच होतं की...”

त्याचे डोळे लाल झाले होते. मला भडभडून आलं. सोन्यासारखा पोरगा, एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला गोल!

“एक शब्द बोलू नकोस!” मी त्याचा हात धरला. “मला सगळं कळतं. किती वेळ लागेल?”

“रस्त्याकडेचं एकच शेत उरलंय. पण मिस्टर बाबियाक, मी परत...”

“परत येशील! मला माहितीय! तोवर मी सांभाळतो. पळ!”

तो काहीतरी म्हणायला तोंड उघडून उभा राहिला. मी गाडीचं दार लावून दिलं आणि वर टपावर थाप मारली. गेला बिचारा.

मग मी आत येऊन हिशोब मांडला. नॉयडॉर्फ सामन्याला नाही म्हणजे नॉयडॉर्फ बाद. नॉयडॉर्फ बाद म्हणजे त्याच्यावर नाव लावलेला बाबियाक बाद. म्हणजे निळे तुकडे!

कोल्बीचं सामान मात्र रिंकमध्येच होतं. पोरं रात्रभर पॅड तिथेच वाळत टाकतात. ते भलेमोठे पॅड, छातीवरचं चिलखत, कापणीयंत्राचं चित्र रंगवलेला मुखवटा. आत कोण आहे ते देवालाही दिसू नये असा सगळा सरंजाम!

“वॉल्ट,” मी म्हणालो, “तीनपैकी फक्त पहिलं सत्र.”

वॉल्टला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो इतका हसला, की त्याला यंत्राला धरून उभं राहावं लागलं.

“तू? लेका, तुझा गुडघा वाकत नाही!”

“वाकवायचाय कुणाला? मी उभाच राहणार आहे.”

“आणि पोरं? तुझा आवाज ऐकल्यावर?”

“सामन्याआधी गोलकीपरशी कोण बोलतं?”

हे वॉल्टला पटलं. आमच्याकडे सामन्याच्या दिवशी गोलकीपरशी कुणी बोलत नाही. अपशकुन होतो म्हणतात. गोलकीपरला आग लागली तरी त्याला सामन्यानंतर सांगतील.

“आणि डोरीन?” वॉल्टने विचारलं.

इथे खरी अडचण होती. माझी बायको निवृत्त नर्स. प्रत्येक सामन्याला प्रथमोपचाराची पेटी घेऊन ती बर्फाच्या कडेला बसते. मार्चमध्ये माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी तिच्यासमोर शपथ घेतली होती, पुन्हा म्हणून गोलमध्ये उभा राहणार नाही. बायबलवर हात ठेवायला लावला होता तिने!

“ती पलीकडच्या टोकाला बसते. पहिल्या सत्रात मी अलीकडच्या गोलमध्ये असेन. सत्र संपलं की बाजू बदलायची, तोवर पोरगा आलेला असेल.”

“आणि गार्थ तुला शोधेल त्याचं काय?”

त्याचंही वॉल्टनेच बघितलं. कोपऱ्यातल्या माझ्या नेहमीच्या खुर्चीवर त्याने एक रुंद झाडू उभा केला, त्याला माझं जाकीट घातलं, वर माझी टोपी. लांबून बघितलं तर हुबेहूब मी. जवळून बघितलं तर माझ्यापेक्षा ताठ.

उंचीने मी पोराएवढाच, पण सामान चढवताना जीव गेला. कोल्बीची विजार माझ्या पोटावर बंद होईना, ती वॉल्टने दोरीने बांधली. मुखवट्यात माझ्या मिशा अडकत होत्या. आणि वास! सतरा वर्षांच्या गोलकीपरच्या सामानाचा वास मी इतकी वर्षं विसरलो होतो, आता जन्मभर विसरणार नाही.

बर्फावर पाय ठेवला आणि लोक ओरडले, “नॉयडॉर्फ!” मी हात वर केला. खांद्यात कट्ट झालं.

सामना सुरू झाला. पहिला फटका आला तो सरळ वरच्या कोपऱ्याकडे. मी काहीच केलं नाही. माझा खांदाच तिथे होता! धाड्! पक खांद्यावर आपटून बाहेर. टाळ्या! दुसरा फटका, पुन्हा वर. छातीवर. टाळ्या! मग माझ्या लक्षात आलं. या पोरांनी आयुष्यात उभा गोलकीपर बघितलाच नव्हता. समोरचा गुडघ्यांवर पडणार हे धरून ती सगळी वरच मारायला शिकलेली. आणि वर होतो मी! कुठून मारणार ते तर मला त्यांच्या कोपरावरूनच आधी दिसत होतं. मला फक्त तिथे जाऊन मार खायचा होता. प्रत्येक फटक्याला लोक टाळ्या वाजवत होते आणि मी मुखवट्याच्या आत आईला हाका मारत होतो.

पण खोटं कशाला बोलू? मला मजा येत होती! इतक्या वर्षांनी माझ्या नावाने नाही तर नाही, कुणाच्या तरी नावाने लोक ओरडत होते.

सत्र संपलं. पोरगा नाही!

वॉल्ट यंत्र घेऊन बर्फावरून फिरत माझ्याजवळून गेला आणि तोंड न हलवता म्हणाला, “फोन केला होता. ओला मसूर कापणीयंत्रात अडकलाय. बापलेक हाताने उपसतायत.”

“मग मी काय करू?”

“बाजू बदल,” म्हणाला आणि वळला. यंत्राला वळायला मोठी जागा लागते, त्यामुळे त्याचं हसणं बराच वेळ ऐकू येत राहिलं.

बाजू बदलली. आता मी डोरीनच्या समोर! ती स्वेटर विणत बसली होती. मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. गोलकीपरला असं उभं राहता येत नाही, म्हणून एक गोल खाल्ला.

दुसऱ्या सत्रात पोरं शहाणी झाली. एकाने चुकून खालून मारला आणि पक माझ्या दोन्ही पायांमधून आगगाडीसारखा आत. मग सगळ्यांना कळलं, याला खालचं जमत नाही. मग काय, खालून, खालून, खालून! मी बसूही शकत नव्हतो आणि पळूही शकत नव्हतो. शेवटी त्यांचा एक पोरगा एकटाच सुटून माझ्यावर चालून आला. उजवीकडे झुकला, डावीकडे गेला, मी डाव्या पायावर जोर दिला, आणि गुडघ्याने राजीनामा दिला! मी धाडकन दोन्ही गुडघ्यांवर, पाय दोन्हीकडे फाकलेले, आणि पक येऊन माझ्या पॅडला चिकटला.

रिंक दणाणून गेली! असा बचाव एल्क क्रीकमध्ये कुणी बघितला नव्हता म्हणे.

फक्त मला उठता येईना.

लोकांच्या टाळ्या संपल्या. मी तसाच. पंचाने शिट्टी वाजवली. मी तसाच. कुणीतरी म्हणालं, डोक्याला लागलं असेल. आणि मला विणकामाच्या सुया खाली ठेवल्याचा आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखतो.

डोरीन रबरी बूट घालून, पेटी घेऊन, बर्फावरून सावकाश चालत आली. खाली वाकून तिने मुखवट्याच्या जाळीतून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. डोक्याला लागलेल्या खेळाडूला विचारायचे ठरलेले प्रश्न असतात, ते ती विचारू लागली.

“नाव काय, बाळा?”

“कोल्बी,” मी जमेल तितक्या कोवळ्या आवाजात म्हणालो.

“वय?”

“सतरा.”

“आज वार कोणता?”

“रविवार.”

“कुठे दुखतंय?”

“कुठेच नाही.”

“डावा गुडघा? मार्चमध्ये शस्त्रक्रिया झालेला?”

मी छताकडे बघू लागलो.

“लग्न झालंय का?”

“सतराव्या वर्षी कसं होईल?”

“छान! म्हणजे घरी कुणी वाट बघत नसेल. रात्री जेवायचं कुठे ते तुझं तू बघ.”

ती उठली आणि पंचाला म्हणाली, “डोक्याला नवीन काही झालेलं नाही. जे आहे ते जुनंच आहे.”

“बाहेर काढू का याला?” पंचाने विचारलं.

मी डोळ्यांनी हो हो म्हणत होतो.

“छे!” डोरीन म्हणाली. “खेळू दे. हौस आहे त्याला.”

दोन पोरांनी मला कपाटासारखं उचलून उभं केलं आणि ती परत जाऊन विणायला बसली. पुढचं काही विचारू नका. तिसऱ्या सत्रात मी गोलच्या खांबाला टेकून उभा होतो आणि जे मला लागत होतं ते अडत होतं. किती गोल झाले ते मी मोजले नाहीत, लोकांनी मोजले.

सामना संपल्यावर कपडे बदलून, भिंतीला धरत धरत मी गार्थच्या खोलीत पोचलो आणि खुर्चीत बसलो. ती माझी त्या दिवसातली शेवटची यशस्वी हालचाल.

“काय रे, आज बोलत नव्हतास?” गार्थ म्हणाला. “दोनदा तुझ्या खुर्चीमागे येऊन विचारलं, कसा वाटतो नॉयडॉर्फ. मान वळवली नाहीस. म्हटलं, बाबियाक आज मन लावून बघतोय! पहिल्यांदाच तुझ्याबद्दल आदर वाटला मला.”

झाडूने माझ्यापेक्षा चांगलं काम केलं होतं.

“ब्रिन, आधी तू सांग.”

ब्रिन सरसावून बसली. “लाशान्स घ्या. अजून कच्चा आहे, पण शिकेल. नॉयडॉर्फचं मला कोडंच पडलंय. शनिवारी तो नेहमीसारखा गोलकीपर होता. पण आज! फटका कुठे येणार ते त्याला मारायच्या आधीच कळत होतं. असं मी कुठल्याही पोरात बघितलेलं नाही.”

माझी छाती फुगली. छातीही दुखली.

“तरी घेऊ नका,” ती पुढे म्हणाली. “डावा गुडघा संपलाय त्याचा. त्या पायावर जोरच देत नाही. उठताना आधी उजवा हात टेकतो, मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो, मग पुन्हा खाली बसतो. एक शस्त्रक्रिया नक्की झालेली आहे. आणि अडवलेला प्रत्येक पक परत समोरच्याच्या पुढ्यात टाकतो. सतराव्या वर्षी ही अवस्था! मला तर वाईट वाटलं हो.”

आता मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण नॉयडॉर्फवर माझं नाव लावलेलं होतं, माझं काम त्याच्यावर टांगलेलं होतं, आणि शिवाय गुडघा माझा होता!

“काय झालंय त्या गुडघ्याला?” मी टेबलावर मूठ आपटली. “उत्तम गुडघा आहे! असले गुडघे आता बनत नाहीत! समोरच्याच्या पुढ्यात टाकतो म्हणे! कॅमेऱ्यातून काय दिसतं तुला? हे बघ...”

आणि तावातावाने मी उठायला गेलो. उजवा हात टेबलावर टेकला. तोंडातल्या तोंडात आजोबांकडून शिकलेली युक्रेनी शिवी दिली. आणि पुन्हा खाली बसलो.

ब्रिन माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या गुडघ्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. तिचा चेहरा हळूहळू असा झाला, की मला तिचीच दया आली.

“अहो ओरेस्ट,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही?”

“काय तुम्ही?” गार्थ म्हणाला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात कोल्बी, केसांपासून बुटांपर्यंत मसुराच्या भुश्याने माखलेला.

“माफ करा, मी माझी बॅग न्यायला आलो होतो. पॅड कुणीतरी ओले केलेत.”

“आत्ता तर खेळलास ना?” गार्थ म्हणाला.

“मी? मी सकाळपासून शेतावर आहे.”

गार्थने कोल्बीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग काचेतून लांब कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं. तिथे टोपी घालून मी अजून मन लावून सामना बघत होतो.

“गार्थ, पोराचा दोष नाही,” मी घाईघाईने म्हणालो. “त्याला काढू नकोस. सकाळी रडत होता रे तो! गोल सोडून जाताना पाणी होतं त्याच्या डोळ्यांत!”

“धूळ होती,” कोल्बी म्हणाला. “मिस्टर बाबियाक, मी सकाळी तेच सांगत होतो. मला खेळायचं नाही. मी परत येणार नाही असं सांगायला थांबलो होतो, तर तुम्ही दार लावलंत. लहानपणापासून उंच होतो म्हणून सगळ्यांनी गोलमध्ये उभं केलं. मला मसूर आवडतो.”

मसूर! मी ज्याच्यासाठी गुडघा दिला त्याला मसूर आवडतो!

“हो, मला शनिवारीच बोलला होता हा,” ब्रिन म्हणाली. “मी विचारलं, गोलमध्ये तुला सगळ्यात जास्त काय आवडतं? तर म्हणाला, सामना संपलेला. पण आज त्याचा खेळ बघून मला वाटलं, मन बदललं असेल.”

“आणि तू काय विचारलंस त्याला?” गार्थने मला विचारलं.

मी काय विचारणार? मी त्याला गाडीतून उतरताना बघितलं होतं.

गार्थने लांबण लावली नाही. ब्रिन राहिली, लाशान्स राहिला, मी गेलो. नियमाप्रमाणे कोल्बीही गेला, पण तो शिट्टी वाजवत गेला. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. आणि त्याहून वाईट हे, की भांडायला जागा नव्हती. एक मुखवटा घातलेला माणूस, त्याचा गुडघा, त्याची शस्त्रक्रिया, सगळं त्या पोरीने इतक्या लांबून ओळखलं होतं. फक्त वयात ती थोडी चुकली होती.

जाताना ती माझ्याजवळ थांबली. “फटका कुठे येणार ते आधी कसं कळतं, शिकवाल मला?”

“शिकवीन,” मी म्हणालो. “उठता आलं की.”

उठवायला शेवटी डोरीनच आली. वॉल्ट एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, असं करत मला गाडीत घातलं. तिने बर्फाची एक पिशवी माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि दुसरी माझ्या हातात दिली. बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता. मी थकलो होतो, काम गेलं होतं, पण माणूस किती लोभी असतो बघा. मला राहवेना.

“डोरीन, खरं सांग. कसा खेळलो?”

तिने विचार केला. “पहिल्या सत्रात बरा होतास. तेव्हापेक्षा बराच बरा.”

“तेव्हा म्हणजे?”

“आपलं लग्न ठरलं त्या वर्षी. भयंकर खेळायचास.”

“पण तू तर माझा खेळ बघून माझ्याशी लग्न केलंस ना?”

“असं तुला वाटतं.”

“मग कशाला केलंस?”

डोरीनने गाडी सुरू केली, आरसा नीट केला, मागे बघितलं.

“पहिल्या गोलकीपरचं लग्न आधीच ठरलेलं होतं,” ती म्हणाली.

बर्फाची दुसरी पिशवी माझ्या हातातच होती. ती कुठे ठेवायची ते मला घर येईपर्यंत सुचलं नाही.